नाव आधी येतं

इथे लग्नाच्या दिवशीच सासू सुनेला आईपण देऊन टाकते.
मूल अजून कुठेच नसतं,
पण हाक ठरते : अमक्याची आई.
म्हणून माझ्या रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात
सगळ्या आयाच आहेत,
कूस उजवली त्या आणि नाही उजवली त्याही.

हा-राफुथीला पोचायला
दवाखान्यापासून घोड्यावर पाच तास.
लेफिफी म्हातारं तट्टू आहे, उतारावर माझं ऐकत नाही,
आणि ते बरंच आहे.
खोगिराच्या एका पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, लोहाच्या गोळ्या,
पोटाला लावून ऐकायचं लाकडी नळकांडं.
दुसरीत ती इंजेक्शनं,
ज्यांच्याबद्दल गावात कुणी मोठ्याने बोलत नाही.
त्यांची कार्डं बायका मक्याच्या पिठात पुरून ठेवतात.
पांढऱ्या बोटांची बाई दिसली
की मी समजते, तारीख पाहून आली आहे.

म्पोलोकेंगची आई तिशीची असेल.
म्पोलोकेंग म्हणजे : मला सांभाळा.
सहा वर्षं सारं गाव तिला याच नावाने हाक मारतंय,
झऱ्यावर, चर्चच्या दारात, मेंढरं परतताना.
दोनदा दिवस भरले.
दोनदा बाळ न रडताच गेलं.

"कुठे?" मी विचारलं.
"इथेच. या घोंगडीवर. बाहेर बर्फ होतं."

नळकांड्याला कान लावला.
आत कुणीतरी घाईघाईने चालत होतं.
पण हात सुजलेले, आणि यंत्रावरचा आकडा
मला मुळीच न आवडणारा.
म्हटलं, खाली चल.
दवाखान्यामागे वाट बघायचं घर आहे,
आठ खाटा, एक चूल. मोकळी होईपर्यंत राहा.

सासू दारातून म्हणाली,
"आणि इथे पाणी कोण भरेल?"
प्रश्न खोटा नव्हता.
मुलगा सीमेपलीकडे प्लॅटिनमच्या खाणीत.
फोनवर पैसे येतात, पाणी येत नाही.

मी गप्प. मला शिकवलं होतं ते सगळं
जिवाबद्दल होतं, बादलीबद्दल काहीच नव्हतं.
शेवटी शेजारची सेआबाताची आई बोलली,
पिठाळ बोटं घोंगडीत लपवत,
"मी भरीन. माझं भरून झाल्यावर."

मग उतार.
ती लेफिफीवर, लगाम धरून पुढे मी.
नदीच्या काठाला बर्फ कुरकुरत होतं.
मागे कुणाची तरी पावलं वाजत होती, मी वळले नाही.
पलीकडे गेल्यावर पाहिलं :
सासू, डोक्यावर पिठाचं गाठोडं,
गुडघ्यापर्यंत भिजलेली.
"तिकडच्या चुलीवर रांधणार कोण?"

अकराव्या रात्री कळा सुरू झाल्या,
आणि त्यातच झटका आला.
औषध कपाटात होतं, सहा पावलांवर.
त्या सहा पावलांसाठी ते पाच तास.

पहाटे रडणं ऐकू आलं.
मुलगा.

सासूने त्याला उजेडात धरून पाहिलं
आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं : न्चा.
कुत्रा.
मरण यादी वाचत आलं तरी
या नावापाशी थांबू नये म्हणून.

मी रजिस्टर उघडलं.
"मग आता न्चाची आई लिहू?"
"नको," ती म्हणाली. "आहे तेच असू दे."

सहा आठवड्यांनी ती आली,
विचारायच्या आत बाही वर केली.
सासू बाहेर उन्हात, नातू मांडीवर, पाठ मुद्दाम आमच्याकडे.
"तीन वर्षं तरी," ती म्हणाली.
"सहा वर्षं मी तिची वाट पाहिली.
आता म्पोलोकेंगने माझी पाहावी."

कार्ड तिने पिठात पुरलं नाही.
बाहेर जाऊन सासूच्या हातात दिलं.
म्हातारीला वाचता येत नाही.
पण पुढच्या इंजेक्शनची तारीख तिने माझ्याकडून
दोनदा वदवून घेतली, आणि बोटांवर मोजत
चढण चढू लागली.